दोन सरकारे असण्याचा उपयोग काय? दुष्काळी तालुक्यातून आलेल्या प्रश्नाला उत्तर

सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातील एका वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: “आमच्याकडे दुष्काळ जाहीर झाला, पण मदत हातात पडेपर्यंत पुढचा पावसाळा आला. मुंबई म्हणते निकष केंद्राचे आहेत, दिल्ली म्हणते दुष्काळ निवारण ही राज्याची जबाबदारी आहे. शेजारच्या राज्यातले पाणी डोळ्यांना दिसते, पण मिळत नाही. देशात एकच सरकार असते तर हे टळले नसते का? संघराज्याचा सामान्य माणसाला फायदा काय आणि तोटा काय?”

शासकीय सेवेतील माझी बहुतेक वर्षे राज्याचा अर्थसंकल्प आणि टंचाई निवारण या दोन कामांत गेली. त्यामुळे पाठ्यपुस्तकातील गुणदोषांची यादी देण्याऐवजी त्या कामातून जे समजले त्याच्या आधारे उत्तर देतो. आपली तक्रार रास्त आहे, मात्र तिचे मूळ दोन सरकारे असण्यात आहे असे मला वाटत नाही. कोणत्याही सरकारी कामात निर्णय कोण घेतो, पैसे कोण देतो आणि लोकांना जाब कोण देतो, असे तीन प्रश्न असतात. या तिन्हींचे उत्तर एकच असेल तेव्हा संघराज्य उत्तम चालते. तीन प्रश्नांची तीन वेगळी उत्तरे आली की नागरिकाच्या वाट्याला हेलपाटे येतात. आपल्याला आलेला अनुभव या दुसऱ्या प्रकारचा आहे.

आधी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. संघराज्य चांगले की वाईट, याचे सर्व देशांना आणि सर्व विषयांना लागू पडेल असे उत्तर नसते. देशाचा आकार, भाषांची विविधता, राज्यांची स्वतःची कर उभारण्याची ताकद आणि न्यायालये किती स्वतंत्र आहेत, यांवर ते अवलंबून असते. शिवाय भारताचे संघराज्य मुळातच केंद्राकडे झुकलेले आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्पष्ट केले होते की ही घटना काळ आणि परिस्थितीनुसार एकात्म किंवा संघात्मक, दोन्ही रूपांत चालू शकेल. अनुच्छेद ३ नुसार संसद राज्याच्या सीमा बदलू शकते आणि त्यासाठी संबंधित विधानसभेचे मत मागवणे पुरेसे असते, संमती लागत नाही. आंध्र प्रदेशच्या विधानसभेने विरोध नोंदवूनही २०१४ मध्ये तेलंगणा झाले, ते याच तरतुदीमुळे. त्यामुळे “एकच सरकार असते तर” या कल्पनेचा बराचसा भाग आपल्या व्यवस्थेत आधीपासून आहे, आणि तो कसा चालतो हे दुष्काळाच्या उदाहरणातच पाहता येते.

महाराष्ट्रात पूर्वी दुष्काळ ठरवण्याचा आधार पैसेवारी, म्हणजे नेहमीच्या पिकाच्या तुलनेत यंदा किती पीक आले याचा आकडा, हा होता. गावपातळीवर पीक कापणीचे प्रयोग व्हायचे, हंगामी, सुधारित आणि अंतिम अशी पैसेवारी निघायची आणि ती ५० पैशांच्या आत आली की गाव टंचाईग्रस्त धरले जायचे. या पद्धतीत दोष होते. स्थानिक दबाव यायचा, एका तालुक्याचा आकडा दुसऱ्याशी जुळायचा नाही आणि अंतिम पैसेवारी येईपर्यंत हिवाळा लागायचा. पण निर्णय जिल्ह्यातच होत असल्यामुळे शेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांसमोर उभे राहून “आमच्या शिवाराचा आकडा चुकला आहे” असे म्हणता यायचे, आणि कधी कधी तो आकडा बदलायचाही.

२०१६ मध्ये केंद्राने दुष्काळ व्यवस्थापन संहिता नव्याने आणली. आता पर्जन्यमानातील तूट आणि पावसातील खंड हा पहिला निकष असतो, त्यानंतर पेरणीक्षेत्र, उपग्रहावरून मोजलेली पिकांची स्थिती, जमिनीतील ओलावा, भूजल व जलाशयांतील साठा असे निर्देशांक पाहिले जातात आणि निवडक गावांत प्रत्यक्ष पाहणी होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद निधीतून मदत मागायची असेल तर दुष्काळ ‘गंभीर’ या प्रकारात बसावा लागतो. २०१८ मध्ये महाराष्ट्राने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, तो याच संहितेनुसार. त्यानंतरचा क्रम ठरलेला असतो. राज्य निवेदन पाठवते, केंद्रीय पथक पाहणीला येते, उच्चस्तरीय समिती रक्कम मंजूर करते आणि त्यानंतर निधी येतो. मधल्या काळात टँकर, चारा छावण्या आणि पिण्याच्या पाण्याच्या तातडीच्या योजना राज्याला चालवाव्या लागतात. त्यासाठी राज्य आपत्ती प्रतिसाद निधी असतो. महाराष्ट्रासारख्या राज्यात त्यातील ७५ टक्के वाटा केंद्राचा आणि २५ टक्के राज्याचा असतो, परंतु तो कशावर आणि कोणत्या दराने खर्च करायचा याचे निकषही केंद्रच ठरवते.

म्हणजे निर्णयाची चौकट दिल्लीची, मोठा पैसा दिल्लीचा, अंमलबजावणी तहसीलदाराची, आणि जाब मात्र पालकमंत्र्यांना व आमदारांना विचारला जातो. यांपैकी कोणीही खोटे बोलत नसतो. प्रत्येक जण आपल्या हातात नसलेल्या भागाकडे बोट दाखवतो आणि ते बोट बहुतेक वेळा बरोबर दिशेला असते. संघराज्याचा हा सर्वांत मोठा दोष आहे. कामाला विलंब होतो हे वाईटच, परंतु विलंब कोणामुळे झाला हे मतदाराला कळत नाही हे त्याहून वाईट आहे, कारण मग मतपेटीतून शिक्षा करायची कोणाला हेही ठरत नाही.

मग एकच सरकार असते तर? निकष दिल्लीतच राहिले असते, फक्त त्यांच्या बाहेर राहिलेल्या गावांसाठी वेगळा विचार करणारे कोणी उरले नसते. २०२३ मध्ये संहितेच्या निकषांत राज्यातील फक्त ४० तालुके बसले. पाऊस तर त्यापलीकडेही कमी झाला होता. तेव्हा राज्याने महसुली मंडळ हा लहान घटक धरून हजाराहून अधिक मंडळांत ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ जाहीर केली आणि जमीन महसुलात सूट, पीककर्जाचे पुनर्गठन, कृषिपंपांच्या चालू वीजबिलात सवलत, परीक्षा शुल्कात माफी अशा आपल्या अखत्यारीतील सवलती दिल्या. त्या अपुऱ्या होत्या ही टीका योग्य आहे. तरीही मंडळाच्या पातळीवर विचार करण्याची निकड मुंबईला वाटली, कारण तेथील सरकार याच मतदारांच्या मतांवर उभे असते. देशभराचा हिशेब ठेवणाऱ्या कार्यालयाला एवढ्या बारकाईने पाहणे शक्य होत नाही, आणि त्याचा हेतू वाईट असतो असेही नाही.

संघराज्याचा खरा फायदा येथून सुरू होतो, आणि त्याचे मला माहीत असलेले सर्वोत्तम उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यात ग्रामीण रोजगाराचा एक प्रयोग करून पाहिला. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात त्यातून राज्याची रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ मध्ये विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम देण्याचे बंधन एखाद्या राज्याने कायद्याने स्वीकारण्याची ही गोष्ट देशात नवी होती. तिच्या मागचा पैशाचा विचार मला तितकाच महत्त्वाचा वाटतो. १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कर लावला, त्याचे उत्पन्न या योजनेच्या निधीकडे वळवले आणि तेवढीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची असे ठरले. शहरातला पगारदार आपल्या पगारातून खेड्यातल्या मजुराच्या कामाचा वाटा उचलत होता, आणि हे ठरवणारे विधिमंडळ दोघांनाही उत्तरदायी होते. म्हणजे माझ्या तिन्ही प्रश्नांचे उत्तर येथे एकच होते. तीन दशकांचा हा अनुभव गाठीशी असल्यामुळे २००५ मध्ये संसदेने रोजगार हमीचा राष्ट्रीय कायदा केला, तेव्हा असे काही चालते का, ही शंका उरली नव्हती.

तमिळनाडूने शाळेतील दुपारच्या जेवणाची योजना कामराज यांच्या काळात सुरू केली आणि १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी ती व्यापक केली. देशभर शिजवलेले अन्न देण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २००१ मध्ये आला. माहितीच्या अधिकाराचे कायदे तमिळनाडू, गोवा, राजस्थान, कर्नाटक आणि महाराष्ट्र या राज्यांनी २००५ च्या केंद्रीय कायद्याआधी करून पाहिले होते. या सर्वांत एक समान धागा आहे. नवी कल्पना आधी एका राज्याने आपल्या जोखमीवर वापरून पाहिली आणि ती टिकल्यावर देशाने घेतली. याच नियमाची दुसरी बाजू अशी की चुकाही राज्यापुरत्या राहतात. एक रुपयात पीक विमा ही महाराष्ट्राची २०२३ ची योजना बोगस अर्जांमुळे अडचणीत आली आणि २०२५ मध्ये बंद करावी लागली. तोटा झाला, पण एका राज्यात झाला आणि तो पाहून बाकीच्यांना सावध होता आले. सगळ्या देशाने एकाच वेळी एकच चूक करण्यापेक्षा हे पुष्कळ बरे.

आता पैशांकडे येतो, कारण बहुतेक गोष्टी तेथेच अडतात. भारतात वेगाने वाढणारे मोठे कर केंद्राकडे आहेत आणि शाळा, दवाखाने, पोलीस, सिंचन असा माणसांवर चालणारा मोठा खर्च राज्यांकडे आहे. ही दरी भरून काढण्यासाठी अनुच्छेद २८० नुसार वित्त आयोग नेमला जातो. चौदाव्या आयोगाने केंद्रीय करांच्या वाटपयोग्य रकमेतील राज्यांचा वाटा ३२ वरून ४२ टक्के केला आणि पंधराव्याने, जम्मू-काश्मीर केंद्रशासित झाल्यानंतर, तो ४१ टक्के ठेवला. या वाट्यातून पंधराव्या आयोगाने महाराष्ट्राला ६.३१७ टक्के आणि उत्तर प्रदेशाला १७.९३९ टक्के दिले. मुंबईत बसून हे आकडे पाहिले की मनात कडवटपणा येतो आणि “आम्ही भरतो, दुसरे नेतात” हे वाक्य सहज तोंडी येते. मी त्या वाक्याशी सहमत नाही. मुंबईत भरल्या जाणाऱ्या प्राप्तिकरात आणि कंपनी करात देशभर विकलेल्या मालाची कमाई असते, कारण मुख्य कार्यालय येथे असते. शिवाय दरडोई उत्पन्न कमी असलेल्या राज्यातील मुलाला साधारण बरी शाळा मिळावी, ही एका देशात राहण्याची किंमत आहे आणि ती महाराष्ट्राने द्यायला हवी.

माझी हरकत वेगळ्या ठिकाणी आहे. केंद्राने लावलेले उपकर आणि अधिभार वाटपयोग्य रकमेत धरले जात नाहीत. २०११-१२ मध्ये केंद्राच्या एकूण करसंकलनात त्यांचा भाग सुमारे १० टक्के होता, तो २०२०-२१ पर्यंत जवळपास दुप्पट झाला. आयोग ४१ टक्के म्हणतो, पण ज्या रकमेचे ४१ टक्के काढायचे ती रक्कमच आक्रसते. कर वाढवणे आणि वाटणी टाळणे या दोन्ही गोष्टी एका निर्णयात साधतात आणि त्याची चर्चा फार थोडी होते. दुसरी हरकत केंद्र पुरस्कृत योजनांबाबत. बहुसंख्य योजनांत खर्चाची विभागणी ६०:४० असते. चाळीस टक्के पैसा राज्याचा असतो, आराखडा मात्र दिल्लीत ठरतो. राज्याने आपला हिस्सा वेळेत न दिल्यास किंवा उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत न पाठवल्यास पुढचा हप्ता थांबतो. अर्थसंकल्प तयार करताना मी नेहमी पाहिले की या हिश्श्यासाठी आधी तरतूद करावी लागे आणि राज्याच्या स्वतःच्या कल्पनांसाठी उरेल ते. पागे यांच्यासारखा प्रयोग आज एखाद्या राज्याला सुचला, तर त्यासाठी मोकळा पैसा शोधणे अवघड जाईल. ज्या व्यवसाय करावर ती योजना उभी राहिली, त्याची कमाल मर्यादा १९८८ च्या घटनादुरुस्तीने माणशी वर्षाला २,५०० रुपये अशी निश्चित केली आणि ती तेथेच थांबली आहे.

वस्तू व सेवा कराबद्दल मात्र माझे मत संमिश्र आहे. १ जुलै २०१७ पूर्वी जकात नाक्यांवर ट्रकांच्या रांगा लागत आणि प्रत्येक राज्याचा दर वेगळा असे. तो त्रास संपला हे मोठे काम झाले. त्या बदल्यात राज्यांनी आपले सर्वांत मोठे कर केंद्र आणि राज्ये यांच्या वस्तू व सेवा कर परिषदेच्या स्वाधीन केले. परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश, सर्व राज्यांचे मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत लागते. म्हणजे केंद्राच्या मनाविरुद्ध काहीही होऊ शकत नाही, आणि केंद्रालाही राज्यांना सोबत घ्यावेच लागते. एकत्र बसून ठरवण्याची ही रीत मला आशादायक वाटते. उणीव अशी की २०२० मध्ये राज्यांच्या बुडालेल्या महसुलाच्या भरपाईचा पैसा आटला, तेव्हा तंटा सोडवणारी तटस्थ यंत्रणा उभीच केलेली नव्हती आणि बऱ्याच वादानंतर केंद्राने कर्ज काढून ते राज्यांकडे वळवण्याचा मार्ग निघाला.

आता पाण्याकडे. येथे आपली तक्रार मला पूर्णपणे पटते, कारण नदी राज्याची हद्द पाळत नाही. कृष्णेचा पहिला लवाद १९६९ मध्ये नेमला गेला, त्याचा अंतिम निवाडा १९७६ मध्ये आला आणि महाराष्ट्राला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मिळाले. दुसरा लवाद २००४ मध्ये नेमला गेला, त्याने २०१० मध्ये निवाडा दिला, परंतु सर्वोच्च न्यायालयातील वादामुळे तो दीर्घकाळ राजपत्रात प्रसिद्ध होऊ शकला नाही. म्हादई नदीवरून गोवा आणि कर्नाटक यांच्यातील वादाचा निवाडा २०१८ मध्ये आला, तरी तंटा न्यायालयात चालूच राहिला. एका पिढीचा शेतकरी एका निवाड्यात निघून जातो. अशा विषयांत राज्यांच्या वर कोणीतरी लागते आणि तेथे केंद्राने पुढाकार घेणे हे त्याचे कर्तव्यच आहे.

साथरोगांतही तेच दिसले. मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयोगटासाठी लस राज्यांनी स्वतः खरेदी करावी असे धोरण आले, राज्ये आणि महापालिका जागतिक निविदा काढून एकमेकांशी स्पर्धा करू लागल्या, आणि जून २०२१ मध्ये ती खरेदी पुन्हा केंद्राकडे न्यावी लागली. विक्रेते मोजके आणि गरज सर्वांची, अशा वेळी एकाच खरेदीदाराने भाव ठरवणे शहाणपणाचे असते. त्याच काळात खाटांचे नियोजन, चाचण्या आणि घरोघरची पाहणी मात्र जिल्ह्यांनीच केली, आणि ती दिल्लीतून होणे शक्य नव्हते.

राज्यांनी आणि केंद्राने समोरासमोर बसावे म्हणून घटनेने अनुच्छेद २६३ मध्ये जागा ठेवली आहे. केंद्र-राज्य संबंधांचा विचार करणाऱ्या सरकारिया आयोगाच्या शिफारशीनंतर १९९० मध्ये आंतरराज्य परिषद स्थापन झाली. तिची अकरावी बैठक जुलै २०१६ मध्ये झाली, तीही दहा वर्षांच्या खंडानंतर. दुष्काळाचे निकष, उपकरांची वाटणी, योजनांतील हिस्सा हे सगळे तेथे बोलण्याचे विषय आहेत. ती परिषद नियमित भरत नाही म्हणून हेच विषय न्यायालयात आणि प्रचारसभांत जातात.

दिल्लीकडे बोट दाखवणाऱ्या मुंबईनेही स्वतःला तोच प्रश्न विचारला पाहिजे. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू करणारे हे राज्य एकेकाळी विकेंद्रीकरणात अग्रेसर होते. पुढे जिल्हा परिषदांच्या योजना एकेक करून राज्यस्तरावर गेल्या. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी अनुच्छेद ३७१(२) खाली १९९४ मध्ये स्थापन झालेल्या विकास मंडळांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. २०२२ नंतर बहुतेक जिल्हा परिषदा आणि महापालिका तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांच्या हाती राहिल्या. जे राज्य स्वतःचे अधिकार दिल्लीकडून मागते, त्याने जिल्ह्याचे अधिकार जिल्ह्याला देणे टाळावे, हे मला मनापासून खटकते. आपल्या तालुक्यातील पाझर तलावाचा गाळ काढायचा की नाही, हे जिल्ह्यात ठरले तर दोन सरकारांमधील बरीच ओढाताण आपल्यापर्यंत पोहोचणारच नाही.

आता आपल्या प्रत्यक्ष अडचणीपुरते सांगतो. तहसील कार्यालयातून आपल्या महसुली मंडळाचे त्या वर्षीचे पर्जन्यमान, संहितेतील निर्देशांकांचे आकडे आणि पाहणीसाठी निवडलेल्या गावांची यादी माहितीच्या अधिकारात मागा. त्यावरून दुष्काळ कोणत्या प्रकारात धरला गेला हे कळेल. नंतर मदत राज्याच्या निधीतून मंजूर झाली की राष्ट्रीय निधीतून, निवेदन कोणत्या तारखेला गेले आणि रक्कम कोणत्या तारखेला जिल्ह्यात आली, हे विचारा. तारखा एकाखाली एक लिहिल्या की उशीर दिल्लीत झाला, मुंबईत झाला की तालुक्यात, हे आपोआप दिसेल आणि आमदाराला काय विचारायचे व खासदाराला काय, हे वेगळे करता येईल. पाण्याच्या बाबतीत लवादाची वाट पाहू नका. उन्हाळ्यात कर्नाटकाच्या मागणीवरून कोयना आणि वारणेतून पाणी सोडल्याची उदाहरणे आहेत, आणि त्या बदल्यात कर्नाटकाच्या तुबची-बबलेश्वर उपसा सिंचन योजनेतून जत तालुक्यातील सीमेवरच्या गावांना पाणी द्यावे ही मागणी जुनी आहे. अशा देवाणघेवाणीसाठी दोन राज्यांचा लेखी करार पुरतो, म्हणून सीमेलगतच्या ग्रामपंचायतींनी आपला ठराव त्या कराराच्या मागणीचा करावा आणि त्यात महिना व पाण्याचे परिमाण स्पष्ट लिहावे.